वस्तीकडं वळवलेला भोंगा

मी भोंगा बोलतोय. दचकू नका. आज माझ्यामागं मशीन लावलेलं नाही, त्यामुळं जेवढा आवाज माझा स्वतःचा आहे तेवढ्यातच बोलणार आहे. तो फारसा नाही. जन्मभर मी दुसऱ्यांचंच बोललो. तोंड हे एवढं मोठं, आणि स्वतःचा शब्द एकही नाही, असं आमचं कुळ. म्हणून आज जरा जवळ येऊन ऐका.

पुण्याकडच्या एका कारखान्यात ॲल्युमिनियमच्या पत्र्याला गरगर फिरवत मला धोतऱ्याच्या फुलासारखा आकार दिला. वर राखाडी रंग चढवला आणि मागच्या बाजूला काळीज बसवलं. त्याला कारखान्यातली माणसं ‘युनिट’ म्हणायची. शेजारीच माझा जोडीदार तयार झाला. आम्ही दोघं एकाच खोक्यात, वाळक्या गवतात गुंडाळून, रेल्वेनं परभणीला उतरलो. ते साल ब्याऐंशी. स्टेशनवर खोकं असं आदळलं, की जोडीदाराच्या पोटातलं काहीतरी सैल झालं. तेव्हापासून त्याला कायमची सर्दी. ‘शेतकरी बांधवांनो’ म्हटलं की तो ‘शेतकरी बांधवांनोर्रर्र’ म्हणायचा.

आम्हाला नोकरी लागली ती कृषी विद्यापीठात. तिथं माणसं रात्रंदिवस काही ना काही शोधत असायची. ज्वारीचं नवं वाण, तुरीवरची अळी, मातीतला खार. पण शोधलेलं गावात पोचवणार कोण? ते काम आमच्या खोलीचं. खोलीत प्रोजेक्टर होता, पडदा होता, टेपरेकॉर्डर, ॲम्प्लिफायर, बॅटऱ्या आणि वायरींची भेंडोळी. आणि ह्या सगळ्या बिऱ्हाडाचा कारभारी होता नागनाथ ऑपरेटर.

नागनाथ बुटका, गोल, आणि गप्प बसणं त्याला माहीत नव्हतं. माईक तपासताना इतर लोक ‘हॅलो हॅलो’ करतात. नागनाथ रेल्वेची स्टेशनं म्हणायचा. “पूर्णा, मिरखेल, पिंगळी, परभणी...” एकदा सेलूच्या बाजारात त्यानं असं सुरू केलं आणि झाडाखाली बसलेली एक म्हातारी गाठोडं डोक्यावर घेऊन चालायलाच लागली.

वरून माणसं फार छान दिसतात. माईकसमोर आला की मोठा माणूसही आधी त्यावर फुंकर मारतो, जणू गरम चहाच आहे. ‘दोनच शब्द बोलतो’ म्हणणारा तासभर हलत नाही. आणि सगळ्यात गंमत म्हणजे, “मागच्यांना आवाज येतोय का?” हे सगळेच विचारतात. ज्यांना येत नाही ते उत्तर कसं देतील, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

गावं फार, जीप एक, आणि साहेब लोकांना वेळ नाही. म्हणून नागनाथनं एक युक्ती काढली. साहेबांचं व्याख्यान कॅसेटवर भरायचं आणि कॅसेट गावोगाव न्यायची. साहेब परभणीत जेवून पडलेले असायचे आणि त्यांचा आवाज गंगाखेडला उसावर बोलत असायचा. पण एकदा एक शेतकरी मधेच उठला आणि माझ्याकडं बोट करून म्हणाला, “जरा थांबा की साहेब, मला एक इचारायचंय.” साहेब काही थांबले नाहीत. तो हात वर करून उभा, आणि मी आपला उसाचं बेणं कसं लावायचं ते सांगतोय. शेवटी तो वैतागून निघून गेला. नागनाथ परतीच्या वाटेवर सूर्यफुलाच्या बिया सोलत म्हणाला, “कॅसेटीला तोंड हाय, पर कान न्हाईत.” मला वाईट वाटलं. मलाही कान नाहीत असंच लोकांना वाटतं.

आता सत्त्याऐंशी सालची गोष्ट सांगतो. माझ्या नोकरीत लक्षात ठेवण्यासारखं तेवढंच घडलं.

मानवतच्या पलीकडं शिंगणवाडी नावाचं गाव आहे. त्या वर्षी तिथल्या कपाशीवर बोंडअळी तुटून पडली. औषधावर औषध मारलं तरी मरेना. गावच्या सोसायटीचे चेअरमन आबासाहेब स्वतः विद्यापीठात आले आणि म्हणाले, “तज्ज्ञ माणूस पाठवा, न्हाईतर औंदा कापूस डोळ्यानं दिसायचा न्हाई.” साहेबांनी काम दिलं कीटकशास्त्राच्या डॉक्टर गीता मॅडमना. अळीवर त्यांच्याइतका अभ्यास तिथं दुसऱ्या कुणाचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मॅडम आमच्या खोलीत आल्या. तिशीतल्या, काटक, केस घट्ट बांधलेले. नागनाथ माझी धूळ झटकत होता.

“नागनाथराव, मी शिंगणवाडीला जाणार नाही,” त्या म्हणाल्या.

“कामून मॅडम? जीप लागती का तुमाला? लिंबू ठिवतो की जवळ.”

“ते माझंच गाव आहे.”

“मग तर...”

“अठ्ठ्याहत्तर साली आपल्या नव्हे, त्या दुसऱ्या विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला. त्या पावसाळ्यात गावातल्या लोकांनी आमच्या वस्तीतली घरं पेटवली. आमचं पहिलं. आई, वडील, मी, अंगावरच्या कपड्यांनिशी परभणीला आलो. वडील इथंच वारले. त्या गावात पुन्हा पाय ठेवायचा नाही, हे मी तेव्हाच ठरवलंय.” मॅडम हे असं सांगत होत्या, जसं एखाद्या अळीचं वर्णन वाचून दाखवावं. “पण कपाशी बुडाली तर वस्तीच्या हातचं कामही बुडणार. मला बोलायचंय. जायचं तेवढं नाहीये.”

 नागनाथनं हातातलं फडकं खांद्यावर टाकलं.

“गावात फोन हाय का?”

“सोसायटीत आहे. आबासाहेब साहेबांना तसं सांगून गेलेत.”

“मग तुमी हितं बसून बोला. तुमचा आवाज तितं न्यायचं माज्याकडं लागलं.”

झालं! नागनाथनं आठवडाभर विद्यापीठाचे फोन हैराण केले. वाचनालयातल्या फोनला माईक बांधायचा आणि कार्यालयातून बोलायचं. वाचनालयात बसलेल्या पोरांना मी एकदम “पूर्णा, मिरखेल!” असं ओरडून सांगितलं. ग्रंथपाल बाहेर धावत आले. नागनाथला ताकीद मिळाली, पण त्याचं मशीन जमलं.

सभेच्या दिवशी आम्ही सकाळीच शिंगणवाडीला पोचलो. सोसायटीची खोली चावडीला लागून. फोन लाकडी पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली आबासाहेबांच्या जानव्याला नव्हे, पण जवळपास तशाच भक्तीनं कमरेच्या करगोट्याला. ते उंच, पांढऱ्या मिशांचे, शब्दाला गावात वजन असलेले गृहस्थ. त्यांनी पेटी उघडली. नागनाथनं आपल्या दस्तीनं, म्हणजे रुमालानं, माईक फोनच्या कानाकडच्या बाजूला बांधला. मला आणि जोडीदाराला सोसायटीच्या धाब्याच्या छतावर चढवलं आणि दोघांचीही तोंडं चावडीपुढच्या पटांगणाकडं केली. मशीन जीपच्या बॅटरीवर, कारण शिंगणवाडीची वीज माहेरी रुसून बसलेल्या नवरीसारखी, येते म्हणून सांगायची आणि यायची नाही.

मानवतच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लिंबाजी नावाचा ऑपरेटर होता. त्यानं परभणीचा ट्रंक कॉल जोडला; तो तीन-तीन मिनिटांच्या हिशेबानं चालायचा. आणि मी जो केकाटलो! कुत्र्याच्या शेपटीवर बैलगाडी गेल्यासारखा. माझ्या तोंडातला आवाज खिडकीतून परत फोनमध्ये शिरत होता आणि तिथून पुन्हा माझ्या तोंडात. दोन म्हशी दावं तोडून पळाल्या. सभा अर्धी हसली, अर्धी उठली.

“नागनाथराव, दारं-खिडक्या लावून घ्या. जाड काहीतरी बांधा,” त्या गोंधळातून मॅडमचा आवाज आला.

मग घराघरांतून वाकळा आल्या. सोसायटीच्या खिडकीला वाकळ, दाराला वाकळ. आत नागनाथ घामानं निथळत होता, पण माझा गळा एकदम मोकळा झाला.

“नमस्कार. मी परभणीहून बोलतेय,” मी म्हणालो. म्हणजे मॅडम म्हणाल्या.

पटांगण हबकलं. एक जण जीपच्या खाली वाकून पाहून आला.

मॅडमनी बोलायला सुरुवात केली. अळी अंडी कुठं घालते, पात्या, म्हणजे कोवळ्या कळ्या, कशा गळतात, एकच औषध पुन्हा पुन्हा मारलं की अळी त्याला कशी सरावते. मग लोक एकेक करून वाकळेआड जायचे आणि फोनवर विचारायचे. फोनची गंमत अशी की आत विचारणाऱ्याचं बोलणंही माझ्यातून बाहेर वाजायचं, त्यामुळं सगळं पटांगण सवालही ऐकायचं आणि जवाबही.

“बाई, दर आठ दिसाला औषध मारायलाव आमी. अळी मरंना, उलट जाडजूड व्हायलीय.”

“मग तुम्ही तिला मारत नाही, पोसताय.”

लोक खदखदले. तेवढ्यात लिंबाजी मधे आला. “तीन मिनटं झाली! वाढवायची का?” हेही सगळ्या गावाला ऐकू गेलं. पटांगणातून एका सुरात उत्तर आलं, “वाढव की!” पुढं लिंबाजीलाच गोडी लागली. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, “तीन मिनटं झाली... आन् बाई, निंबोळीचा अर्क किती पाण्यात घालायचा म्हन्लाव तुमी? माजीबी दोन एकर हाय.”

सगळं असं मजेत चाललं होतं. मग मॅडमनी विचारलं, “नागनाथराव, भोंग्यांची तोंडं कुठं आहेत?”

“पटांगनाकडं मॅडम. दोनीबी.”

“आता फवारणीतली काळजी सांगायची आहे. फवारलेल्या रानात निंदायला, तण काढायला वस्तीतल्या बाया जातात. त्यांनी ऐकायला हवं. एक भोंगा वस्तीकडं वळवा.”

हसू विरलं. वस्ती होती माझ्या पाठीमागं, ओढ्याच्या पल्याड. मी सकाळपासून बोलत होतो, पण तिकडं माझी नुसती पाठ होती. आबासाहेब वाकळ बाजूला करून आत गेले.

“वस्तीला मी सांगंन की बाई, मागून.”

“मागून नको. मी सांगायला बसलेय ना. भोंगा वळवा, तोवर मी थांबते.”

“तीन मिनटं झाली,” लिंबाजी हळूच म्हणाला. “पर ऱ्हाऊ द्या. मी काय तोडत न्हाई.”

कुणी हललं नाही. तात्याराव नावाचे कुणीतरी पुढच्या रांगेतून म्हणाले, “काय गरज हाय का?” नागनाथनं एकदा आबासाहेबांकडं पाहिलं आणि एकदा फोनकडं. मग हा गोल माणूस शिडीवर चढला. शिडी कुरकुरली, तोही कुरकुरला. त्यानं माझ्या मानेचा स्क्रू ढिला केला, दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं आणि मला फिरवलं.

पहिल्यांदा मला ओढा दिसला. पल्याडची पत्र्याची घरं दिसली. आणि दिसली ती माणसं. दारात, उंबऱ्यावर, बाभळीखाली, सगळी आधीच कान टवकारून बसलेली. माझ्या पाठीकडून जेवढं मिळेल तेवढं ती सकाळपासून वेचत होती.

“आता सांगा मॅडम,” नागनाथ वरूनच ओरडला.

“फवारलेल्या रानात चार दिवस कुणालाही कामाला लावायचं नाही,” मॅडम म्हणाल्या. “कुणी लावलं तर जायचं नाही. कुणाला काही विचारायचं असेल तर सोसायटीत येऊन फोनवर विचारा.”

बराच वेळ कुणी आलं नाही. मग ओढ्यातून एक म्हातारी वर आली. काठी टेकत, मागं दोघी-तिघी बाया. पटांगण बाजूला झालं. ती सरळ सोसायटीच्या दाराशी आली आणि थांबली. दारात आबासाहेब.

“काय गं धुरपते?”

“इचारायचंय.”

आबासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. सबंध गाव पाहत होतं. पलीकडं फोनवर परभणी थांबली होती, मधे मानवत थांबलं होतं. त्यांनी वाकळ स्वतःच्या हातानं वर धरली. “ये. हितं बोलायचं.”

धुरपताबाईनं आधी फोनच्या उलट्या टोकाला तोंड लावलं. मग नागनाथनं सरळ करून दिलं.

“बाई, मी धुरपता बोलायले. औषध मारलं की दुसऱ्याच दिशी आमाला निंदायला धाडत्यात. डोळे नुसते आग आग व्हत्यात. माजी सून लेकराला पाजती. तिनं पाजावं का न्हाई?”

 लाइन गेली असं वाटून नागनाथनं बटणं फिरवली. मग आवाज आला, पण तो विद्यापीठातल्या मॅडमचा नव्हता.

“मावशे, डोळे चांगले हायेत का तुमचे?”

म्हातारीनं फोन दोन्ही हातांनी कानाशी घट्ट धरला. 

“कोन? चांगुणाची गीता का गं तू?”

“व्हय मावशे.”

पटांगणात सगळ्यांना कळलं होतं. सकाळपासून ज्या बाईनं त्यांची कपाशी वाचवायचं काम चालवलं होतं, तिचं घर कुणी पेटवलं होतं आणि कोण कोण बघत उभे होते. काही जणांनी मान खाली घातली. काही नुसतेच उठून गेले.

“माय, कुटं हायस तू? कशी हायस?” धुरपताबाई रडतच विचारत होती.

“बरी हाय मावशे. आईबी बरी हाय. आधी सुनंला सांगा, फवारलेल्या रानातून आली की हातपाय, तोंड साबणानं धुवून, लुगडं बदलून मगच लेकराला घ्यायचं. आन् चार दिवस जायचंच न्हाई.”

आबासाहेबांनी हात पुढं केला. धुरपताबाईनं फोन त्यांच्या हातात दिला. 

“बाई... त्या वक्ताला मी गावात होतो. मी...”

“आबासाहेब,” मॅडमनी त्यांना थांबवलं. “ते फोनवर बोलायचं नाही. ते समोरासमोर बोलायचं असतं. आज फवारणीचं बोला. चार दिवस कुणाला रानात लावणार नाही, असा शब्द देता का?”

“देतो.”

“मला नको. वस्तीला द्या. भोंगा तिकडंच आहे.”

आणि आबासाहेबांनी माझ्यातून, ओढ्यापल्याड, सगळ्यांना ऐकू जाईल असा शब्द दिला. शेवटी ते “धुरपताबाई, ऐकलं का?” असंही म्हणाले. मघाशी नुसतं ‘धुरपते’, आता ‘बाई’ म्हणाले. ती शेजारीच उभी होती, तरी माझ्यातून म्हणाले.

पुढच्या हंगामात शिंगणवाडीत फवारलेल्या रानाच्या बांधाला लाल चिंधी बांधायची रीत पडली. पहिली चिंधी म्हणे आबासाहेबांच्या घरच्या नव्या चोळीची होती, त्यावरून घरात मोठं महाभारत झालं. काही जण चिंधी बांधायला सोयीस्कर विसरायचे. पण बाया विसरायच्या नाहीत. चिंधी नसली तरी औषधाचा वास नाकाला कळतो, आणि आता त्या सरळ परत फिरायच्या.

फोनवरच्या सभांचं लोण मग सगळीकडं पसरलं. नागनाथनं जिंतूर, पाथरी, कुठं कुठं वाकळा बांधल्या. मी खूप बोललो. मग विद्यापीठात उंच, सडपातळ, लाकडी पेट्यांचे नवे स्पीकर आले आणि आम्हा जुन्यांना भंगारात काढायचं ठरलं. जोडीदार खरोखरच भंगारात गेला. मला नागनाथनं शिंगणवाडीच्या वस्तीला कळवून लिलावात घ्यायला लावलं. निवृत्त व्हायच्या आधी त्यानं एवढं एकच चोख काम गुपचूप केलं. आता मी वस्तीतल्या विहाराच्या छतावर असतो. एका बाजूला पोचा पडलाय, पावसाळ्यात चिमण्या आत घर करतात. त्यांचा आवाज मी मोठा करत नाही.

यंदा, चौऱ्याण्णवच्या जानेवारीत, ज्याच्या नामांतरावरून घरं पेटली त्या विद्यापीठाला अखेर नवं नाव मिळाल्याची बातमी आली. वस्तीत पेढे वाटले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी दुपारच्या एसटीनं दोघी जणी फाट्यावर उतरल्या आणि पायी आल्या. एक म्हातारी चांगुणाबाई. दुसरी गीता मॅडम, कानाजवळ केस पिकलेले. मी त्यांना ह्या मातीवर कधी पाहिलं नव्हतं. दोघी आधी एका मोकळ्या जागेपाशी जाऊन उभ्या राहिल्या. तिथं पूर्वी घर होतं. मग विहाराशी आल्या.

माणसं गोळा झाली. ओढ्यापल्याडच्या गावातूनही आली. आबासाहेब आता काठीवर होते. सतरंजीच्या कडेला थांबून त्यांनी विचारलं, “बसू का?”

“बसा की,” धुरपताबाई म्हणाली. “सतरंजी लांब हाय.”

कुणीतरी माईक आणून मॅडमच्या हातात दिला. माझ्या काळजात करंट आला. त्यांच्याच गावात, त्यांचाच आवाज, आणि मी! मॅडमनी माईककडं पाहिलं आणि बटण बंद करून तो खाली ठेवला.

“मी हितंच हाय की आता,” त्या म्हणाल्या. “भोंगा कशाला?”

लोक हसले आणि पुढं सरकले. त्या अगदी हळू बोलायला लागल्या. मधेच आबासाहेब काहीतरी बोलले, लांबलचक. मग चांगुणाबाई बोलली. वरून मला एक शब्दही ऐकू आला नाही. दिसत होती ती फक्त डोकी. पागोटी, पदर, टोप्या, एकमेकांजवळ आलेली.

मित्रांनो, माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. जाता येणं शक्य नसेल, तर मला हाक मारा. कितीही लांबून बोललात तरी मी तुमचा शब्द पोचवीन. पण पायानं जाता येत असेल, तर खुशाल मला वर टांगून ठेवा आणि विसरून जा. त्या दिवशी छतावर काहीही न बोलता बसलो होतो तेवढं सुख मला कधी लाभलं नाही.

बरं, येतो. चिमण्यांची घरी यायची वेळ झाली.